रडारचं दुसरं चित्र

जून लागला की मुंबई-ठाण्यात फोनाफोनी एक गोल चित्र फिरायला लागतं. मध्यभागी कुलाबा, बाजूनं किनाऱ्याची रेघ आणि तिच्यावर हिरवे, पिवळे, लाल डाग. लाल डाग आपल्या बाजूला सरकताना दिसला की माणसं कचेरीतून लवकर निघतात, दोरीवरचे कपडे आत घेतात. हे पावसाचं चित्र. हवामान खातं त्याच रडारचं आणखी एक चित्र त्याच वेळी लोकांसमोर ठेवत असतं. त्याचं नाव 'पीपीआय व्ही'. त्यातला 'व्ही' हा वेगाचा. हे चित्र कुणी कुणाला पाठवत नाही. त्यात वर्तुळाचा एक भाग एका रंगाचा, समोरचा भाग दुसऱ्या रंगाचा, आणि दोहोंमधून गेलेली एक वाकडी पांढुरकी रेघ. पाऊस कुठं आहे ते यात कळत नाही. कळतो तो वारा, डोक्यावर एक-दोन-चार किलोमीटर उंचीवरून वाहणारा, जिथं कुठलंही वातकुक्कुट पोचत नाही.

या दुसऱ्या चित्राचं कूळ शोधत गेलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा भेटते. दर पिढीनं आधीच्या पिढीनं टाकून दिलेलं काहीतरी उचललं आहे.

मूळ पुरुष ख्रिश्चन डॉप्लर. साल्झबर्गमधल्या पाथरवटाच्या घरात १८०३ साली जन्मलेला. प्रकृती नाजूक म्हणून छिन्नी-हातोडा हाती आला नाही, गणित आलं. पण गणितावर नोकरी मिळेना. १८३५ मध्ये त्यानं सामानसुमान विकून अमेरिकेला जायची तयारी केली होती, तेवढ्यात प्रागमध्ये शिक्षकाची जागा मिळाली आणि तो युरोपात राहिला. त्याच प्रागमध्ये २५ मे १८४२ रोजी त्यानं एक निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा रंगीत प्रकाश. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशलहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात, आणि ताऱ्यांचे रंग त्यामुळंच वेगवेगळे दिसतात, असं त्याचं म्हणणं. यातला शेवटचा भाग साफ चुकला. ताऱ्यांचे रंग त्यांच्या तापमानामुळं वेगळे असतात. पहिला भाग मात्र जगाच्या अंतापर्यंत टिकेल इतका पक्का निघाला.

हे म्हणणं खोडून काढावं म्हणून नेदरलंड्समधल्या बाइस बॅलट नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं १८४५ मध्ये एक प्रयोग मांडला. युट्रेक्टजवळच्या नव्या रेल्वेमार्गावर इंजिनामागच्या उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले आणि रुळांच्या कडेला पक्क्या कानाचे वादक उभे केले. डब्यातल्यांनी एकच सूर धरून ठेवायचा, खालच्यांनी तो गाडी येताना कसा ऐकू येतो आणि जाताना कसा, ते नोंदवायचं. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न बर्फवृष्टीनं उधळला. जूनमध्ये पुन्हा मांडामांड केली आणि तुतारीचा सूर येताना चढला, जाताना उतरला. गणित सोपं आहे. गाडी ताशी सत्तरेक किलोमीटर वेगानं आली तर सूर सुमारे सहा टक्क्यांनी चढतो. म्हणजे षड्ज धरलेला असेल तर फलाटावर कोमल रिषभ ऐकू येतो. ताऱ्यांच्या रंगांबद्दलचा बाइस बॅलटचा आक्षेप कायम राहिला, पण ध्वनीपुरतं डॉप्लरचं म्हणणं त्यानं स्वतःच सिद्ध करून दिलं.

पुढं याच माणसानं १८५४ मध्ये नेदरलंड्सची हवामान संस्था उभी केली, आणि १८५७ मध्ये त्याच्या नावानं तो नियम आला जो आपण शाळेच्या भूगोलात पाठ करतो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाबाचा प्रदेश तुमच्या डाव्या हाताला असेल. सुरावरून वेग ओळखणं आणि वाऱ्यावरून वादळ ओळखणं, दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या. त्यांची गाठ पडायला आणखी शंभर वर्षं लागली, कारण वाऱ्याबरोबर धावणाऱ्या पावसाच्या थेंबाच्या हाती तुतारी नसते.

ती तुतारी दुसऱ्या महायुद्धानं दिली. रडार म्हणजे आपणच सूर फेकायचा आणि समोरून परतलेला तोच सूर ऐकायचा. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या किनाऱ्यावरची रडारं दहा-बारा मीटर तरंगलांबीची होती आणि त्यांना पाऊस जवळजवळ दिसतच नसे. १९४० मध्ये बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट यांनी पोकळी-मॅग्नेट्रॉन बनवला आणि रडारची लहर एकदम दहा सेंटिमीटरवर आली. थेंबासारख्या बारक्या वस्तूचा प्रतिध्वनी तरंगलांबी निम्मी केली की सोळा पटीनं वाढतो. त्यामुळं शत्रूची विमानं शोधायला बसलेल्या सैनिकांच्या पडद्यावर अचानक धुकट ढिगारे उगवायला लागले. ते पावसाचे होते. विमान त्यांच्याआड लपे, म्हणून युद्धाच्या भाषेत त्यांना 'क्लटर' म्हणत. क्लटर म्हणजे अडगळ, केरकचरा. युद्ध संपल्यावर मोडीत निघालेली रडारं हवामानवाल्यांच्या हाती आली आणि तो कचरा मोजणं हेच काम झालं. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये थेंबांच्या आकारांचं जे गणित मांडलं, त्यावर आजही पावसाचं चित्र उभं आहे.

पण ही पावसाची मोजणी झाली. वारा अजून हातात आला नव्हता, आणि तो का येत नव्हता हे समजून घेण्यासारखं आहे.

दहा सेंटिमीटरच्या रडारपासून थेंब सेकंदाला दहा मीटर वेगानं दूर जात असेल, म्हणजे ताशी छत्तीस किलोमीटरचा चांगला वारा असेल, तर परतलेल्या लहरीत फरक पडतो तो सेकंदाला दोनशे कंपनांचा. मूळ लहर सेकंदाला तीन अब्ज वेळा कंप पावते. तीन अब्जांत दोनशे! गंमत अशी की हे दोनशे वेगळे काढता आले तर ते आपल्या कानाला ऐकू येतील, पेटीवरच्या पांढरी पाचच्या आसपास. वाऱ्याचे वेग नेमके माणसाच्या श्रवणकक्षेत उतरतात. पण तीन अब्जांतून ते वेगळे काढायचे कसे? त्याला तंबोरा लागतो. गायकाचा सूर केसभर हलला हे कळायला मागं एक न हलणारा सूर अखंड चालू असावा लागतो. मॅग्नेट्रॉनकडे तो नव्हता. त्याचा प्रत्येक स्पंद, म्हणजे लहरीचा एकेक तुटक झटका, नव्यानं, वाटेल त्या ठिकाणाहून सुरू होई आणि मागच्या स्पंदाची आठवण ठेवत नसे. क्लायस्ट्रॉन नावाच्या नळीनं आणि तिच्यामागं सतत चालणाऱ्या स्थिर आंदोलकानं ही उणीव भरून काढली. आता रडार प्रत्येक परतलेली लहर आपल्या तंबोऱ्याशी ताडून पाहू शकत होतं.

तरीही एका स्पंदात काही कळत नाही. स्पंद असतो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा. दोनशे कंपनांच्या सुरातलं एक आंदोलन पुरं व्हायला त्याच्या पाच हजार पट वेळ लागतो. म्हणून युक्ती वेगळी करतात. सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला एक स्पंद सोडायचा. दोन स्पंदांच्या मध्ये आपला थेंब एक सेंटिमीटर सरकतो, जाऊन-येऊन वाट दोन सेंटिमीटरनं लांबते, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या लहरीचा पाचवा हिस्सा. लहर आपल्या चढउतारात जिथं भेटायला हवी होती तिथं न भेटता पाचव्या हिश्श्यानं मागं भेटते. लहरीच्या या टप्प्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात 'कला' म्हणतात. दोन स्पंदांच्या कलांची वजाबाकी केली की वारा मिळाला. शंभर किलोमीटरवरच्या थेंबाचं सेंटिमीटरभर सरकणं मोजायचं आणि त्यातून वादळाचा वेग सांगायचा, यातली नजाकत मला आजही थक्क करते.

कुळाच्या वहीतली पहिली नोंद १९५३ ची, इंग्लंडमधल्या केंब्रिजची. बॅरट आणि ब्राउन या दोघांनी रडारची दृष्टी सरळ वर आकाशाकडे लावली आणि सरीतल्या हवेचा उभा वेग मोजला. काम अवघड, कारण थेंब स्वतःही पडत असतो. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला नऊ मीटर, अर्ध्या मिलिमीटरचा दोन मीटर. पडण्यातलं काय आणि हवेनं ढकललेलं काय, हे वेगळं करावं लागतं. दुसरी नोंद अंगावर काटा आणणारी आहे. १० जून १९५८ रोजी अमेरिकेत कॅन्ससमधल्या एल डोराडो गावावर टोर्नाडो उतरला, तेव्हा हवामान खात्याच्या माणसांनी तीन सेंटिमीटरचं डॉप्लर उपकरण त्याच्याकडे रोखलेलं होतं. ते स्पंद सोडत नसे, अखंड सूर लावून बसे, त्यामुळं वस्तू किती दूर आहे हे त्याला मुळीच कळत नसे. वेग मात्र कळे. त्यांना ताशी सुमारे तीनशे तीस किलोमीटर वेग मिळाला. टोर्नाडोच्या पोटातला वेग तोवर मोडक्या घरांवरून आणि उडालेल्या पत्र्यांवरूनच अजमावत असत.

आता कुळाची मोठी अडचण. डॉप्लर रडारला वाऱ्याचा एकच भाग दिसतो, आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून जाणारा. समोरून आडवा गेलेला वारा, मग तो कितीही सुसाट असो, त्याच्या लेखी शून्य. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर लेर्मिट आणि अमेरिकी डेव्हिड ॲटलस यांनी १९६१ मध्ये यावर मार्ग काढला, तो बाइस बॅलटला आवडला असता. रडारनं थोडी मान वर करून एक पूर्ण गिरकी घ्यायची. वाऱ्याकडे तोंड होईल तिथं सगळ्यात जास्त 'येणं', पाठ होईल तिथं सगळ्यात जास्त 'जाणं', आणि दोन्ही बगलांना शून्य. एका गिरकीत त्या उंचीवरच्या वाऱ्याची दिशाही हाती येते, वेगही. ब्राउनिंग आणि वेक्सलर यांनी १९६८ मध्ये हे गणित आणखी पुढं नेलं. दुसऱ्या चित्रातली ती पांढुरकी रेघ म्हणजे ही शून्यं जोडलेली वाट. रडारपासून जितकं दूर तितकं उंच, म्हणून रेघ वळली तर समजावं, वर जाता जाता वारा दिशा बदलतो आहे.

सत्तरच्या दशकात हे घराणं ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी स्थिरावलं. तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं लष्कराच्या जुन्या सामानातून दहा सेंटिमीटरचं डॉप्लर रडार उभं केलं. २४ मे १९७३ ला युनियन सिटी गावावर टोर्नाडो आला. नंतर टेपवर उतरलेले आकडे तपासताना दिसलं की ढगाच्या मध्यावर, टोर्नाडो जमिनीला टेकायच्या आधीच, दोन शेजारच्या चौकटींत एकीकडे वेगानं येणं आणि लगेच बाजूला वेगानं जाणं अशी जोडी उमटली होती. गरागरा फिरणाऱ्या हवेची खूण. १९७७ ते १९७९ या काळात हीच पद्धत रोजच्या इशाऱ्यांसाठी वापरून पाहिली तेव्हा लोकांना टोर्नाडोआधी सुमारे वीस मिनिटं मिळायला लागली. पूर्वी जेमतेम दोन मिळत. त्यातूनच नव्वदच्या दशकात अमेरिकाभर दीडशेहून अधिक डॉप्लर रडारांचं जाळं उभं राहिलं.

या कुळातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा माणूस टेत्सुया फुजिता. जपानमधल्या क्यूशू बेटावर १९२० मध्ये जन्मलेला. ऑगस्ट १९४५ मध्ये तो कोकुराजवळच्या महाविद्यालयात शिकवत होता. दुसऱ्या अणुबाँबचं ठरलेलं लक्ष्य कोकुरा होतं. त्या सकाळी शहर ढगाधुरानं झाकलेलं होतं म्हणून विमान नागासाकीला गेलं. पुढं फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाला जाऊन ढिगाऱ्यात हिंडला. वरून आलेला धक्का जमिनीवर आदळून चहूकडे कसा पसरतो, झाडं कुठल्या बाजूला कशी पडतात, हे त्यानं डोळ्यांत साठवलं. दोन वर्षांनी सेबुरी डोंगरावरच्या वेधशाळेतून त्यानं गडगडाटी ढगाखाली कोसळणारी हवा टिपली. डोंगरावरच्या अमेरिकन रडार ठाण्याच्या केराच्या टोपलीतून एक निबंध त्याच्यापर्यंत पोचला. शिकागोच्या होरेस बायर्सचा, नेमक्या त्याच विषयावरचा. फुजितानं आपलं काम बायर्सला पाठवलं, बायर्सनं त्याला बोलावून घेतलं, आणि १९५३ मध्ये तो शिकागोला गेला.

२४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईस्टर्न एअरलाइन्सचं ६६ क्रमांकाचं विमान वादळी पावसात उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. ११३ माणसं गेली. त्याच्या आधी उतरलेल्या विमानांनी त्याच वाटेवर धक्के खाल्ले होते, काही सुखरूप उतरली होती. फुजितानं उड्डाणांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि सांगितलं की ढगातून हवेचा एक अरुंद लोंढा सरळ खाली आदळला, नळाखालच्या फरशीवर पाणी पसरतं तसा पसरला, आणि विमान त्यात सापडलं. आदल्याच वर्षी, एप्रिल १९७४ च्या टोर्नाडोंनंतर विमानातून पाहणी करताना त्याला जंगलात ताऱ्याच्या आकारात बाहेरच्या बाजूला पडलेली झाडं दिसली होती. नागासाकीत पाहिलेल्या नकाशासारखी. अनेक हवामानतज्ज्ञांना हे पटलं नाही. हवेचा लोंढा जमिनीजवळ येईतो विरून जातो, असा त्यांचा समज होता.

उत्तर डॉप्लर रडारनं दिलं. १९७८ मध्ये शिकागोच्या परिसरात तीन रडारं लावली गेली आणि २९ मे रोजी पडद्यावर ती खूण आली. टोर्नाडोत येणं-जाणं शेजारी शेजारी असतं; इथं ते एकामागं एक होतं. जवळची हवा रडारकडे येतेय, तिच्यापलीकडची दूर जातेय, मध्ये दोन-चार किलोमीटरसुद्धा अंतर नाही. विमानाच्या दृष्टीनं हाच घात. आधी समोरून वारा, त्यानं विमान उचललं जातं, वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. आणि लगेच पाठीमागून वारा, पंखाखालची हवाच निघून जाते. रडारला फक्त आपल्या रेषेतला वारा दिसतो ही जी त्याची उणीव म्हणून सांगितली, तीच इथं कामी आली, कारण विमानालाही आपल्या रेषेतलाच वारा भोवतो. १९८२ मध्ये डेन्व्हरला आणखी मोठे प्रयोग झाले. २ ऑगस्ट १९८५ ला डल्लासला डेल्टाचं विमान याच कारणानं कोसळलं आणि १३७ जणांचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेच्या मोठ्या विमानतळांजवळ खास यासाठी पाच सेंटिमीटरची डॉप्लर रडारं बसली.

आपल्याकडे हवामान खात्याचं पहिलं रडार १९५४ मध्ये कोलकात्यात दमदमला आलं, ते पावसाचं. डॉप्लर यायला २००२ उजाडलं. जर्मन बनावटीचं ते रडार चेन्नईला बसलं. मग कोलकाता, मछलीपट्टणम, विशाखापट्टणम. श्रीहरिकोट्याचं इस्रो आणि बंगळूरुच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं इथंच बनवलं. आधी पूर्व किनारा, कारण चक्रीवादळांचा मोठा वाटा बंगालच्या उपसागराचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला ७३, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. ते असतं तर त्या दिवशी काय काय वाचलं असतं हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण एका शहरात एवढी तफावत का पडली हे बघायला डोळाच नव्हता, ही खंत मुंबईकराला वाटणं रास्त आहे. पुढं कुलाब्याला डॉप्लर आलं, जानेवारी २०२२ मध्ये उपनगरात वेरावलीला दुसरं आलं. सह्याद्रीच्या भिंतीपलीकडे रडारची दृष्टी अडते, म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर तीन सेंटिमीटरचं एक रडार चढवलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला तीस मीटर आणि वर. अशा वाऱ्यात दुसरं चित्र वाचायला मुरलेला डोळा लागतो. मघाचंच गणित पुढं न्या. सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला स्पंद, आणि थेंब सेकंदाला पंचवीस मीटरनं पळणारा: दोन स्पंदांत वाट पाच सेंटिमीटरनं बदलते, बरोबर अर्धी लहर. आता लहर पुढं सरकली की मागं, हे सांगता येत नाही. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं तसं तीसनं दूर जाणारा वारा वीसनं जवळ येताना दिसतो. स्पंद अधिक भरभर सोडावे तर एकाचा प्रतिध्वनी परतायच्या आत दुसरा सुटतो आणि दूरचं दिसेनासं होतं; सेकंदाला हजार स्पंदांना दीडशे किलोमीटर ही हद्द. वेग आणि अंतर यांत एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. म्हणून दोन वेगवेगळ्या लयींत स्पंद सोडून उत्तरं ताडून पाहतात. शिवाय पृथ्वी गोल, रडारचा झोत अर्धा अंश वर. शंभर किलोमीटरवर तो समुद्रापासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. दिवेआगरच्या माडाबागेतून जो वारा गेला तो कुलाब्याच्या रडारनं पाहिला नाही. त्याच्या वरचा पाहिला.

जुलैच्या भर पावसात मात्र या रडारचं एक तिसरं चित्र जरूर पाहावं, 'व्हीव्हीपी' नावाचं. गिरक्यांच्या गणितातून निघालेले, उंचीनुसार एकावर एक रचलेले वाऱ्याचे बाण. खाली पश्चिमेचे आणि नैऋत्येचे, दीड किलोमीटरच्या आसपास सगळ्यात जोरकस. हा अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वाऱ्याचा झोत, ज्याचा नकाशा फिन्डलेटर यांनी १९६९ मध्ये मांडला. सहा-सात किलोमीटरच्या पुढं बाण ढेपाळतात, गोंधळतात आणि मग उलटे होतात, पूर्वेकडून यायला लागतात. त्या पूर्वेच्या वाऱ्यांचा कळस आणखी वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर असतो, पी. कोटेश्वरम यांनी तो १९५८ मध्ये दाखवून दिला. फुग्यांनी जे दिवसातून दोनदा कळे, ते इथं दर काही मिनिटांनी उमटतं.

पण पाऊस हवा. रडार वाऱ्याला पाहत नाही, वाऱ्यानं नेलेलं पाहतं, जसं खळ्यावर उपणणारा शेतकरी उडणाऱ्या भुशावरून वारा ओळखतो. पाऊस नसेल तेव्हा कीटकांवर काम भागतं. निरभ्र आकाशातून येणाऱ्या प्रतिध्वनींना युद्धाच्या काळात 'एंजल्स' म्हणजे देवदूत म्हणत. त्यातले कित्येक पक्षी निघाले. पक्षी मात्र वाऱ्याबरोबर नुसता वाहत नाही, स्वतःही उडतो, म्हणून स्थलांतराच्या रात्री त्याचा वेग वजा करावा लागतो. कीटकही विरळ झाले, हवा कोरडी पडली की जानेवारीच्या सकाळी कुलाब्याच्या त्या तक्त्यातले वरचे रकाने रिकामे राहतात. वारा तिथं वाहतच असतो. त्याच्या पाठीवर कुणी बसलेलं नसतं.